मावळ दाखवायला नेलं आणि येमेन बघून आले

"वहिनी, आईला मावळ आवडलं पाहिजे. गुरुवारच्या आत."

नबील हे सोमवारी सकाळी आमच्या कामशेतच्या दुकानात तांदळाच्या पोत्यावर बसून म्हणाला. मी म्हटलं, अरे, आधी पोत्यावरून ऊठ, कणी होईल.

नबील येमेनचा. पुण्यात पीएचडी करतो आणि पुण्याच्या भाड्याला घाबरून आमच्या वरच्या खोलीत राहतो. मराठी तो आमच्या हमालांकडून शिकला, त्यामुळे त्याच्या शिव्या अस्सल आहेत आणि व्याकरण अंदाजपंचे. त्याची आई पुण्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती. ऑपरेशन झकास झालं. गुरुवारी परतीचं विमान होतं. नबीलला तिला परत पाठवायचं नव्हतं. वडील नाहीत, बहिणी लग्न होऊन लांब, देशात इतकी वर्षं लढाई, आणि आई इब्ब शहराजवळच्या डोंगरावर घरात एकटी. तो स्वतः शिकायला आला तो परत गेलाच नव्हता, कारण गेला तर पुन्हा यायला मिळेल याची खात्री नाही.

"इथे राहायची परवानगी वाढवून मिळते, मी चौकशी केलीय," तो म्हणाला. "फक्त ती हो म्हणत नाही. म्हणते, इथे असं काय आहे जे आपल्याकडे नाही?"

आता हे ऐकून कुठला मावळी माणूस गप्प बसेल? मी दुकान नवऱ्याच्या गळ्यात घातलं, आमची जुनी गाडी काढली आणि मंगळवार-बुधवारचा बेत ठरवला. शनिवार-रविवार इकडे फिरकू नका, हा माझा सगळ्या वाचकांना कळकळीचा सल्ला. त्या दोन दिवसांत लोणावळ्यात निसर्ग नसतो, फक्त हॉर्न असतो.

नबीलची आई, सबाह, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. शिक्षिका म्हटल्यावर आमच्या तोंडी आपोआप 'बाई'च बसलं. बाईंना इंग्रजी येतं, पण मोठं काही बोलायचं असलं की त्या अरबीवर जातात आणि नबील मराठीत सांगतो. ही व्यवस्था किती कुचकामी आहे ते मला पवनानगरच्या रस्त्यावरच कळलं. खड्डा आला. बाई दोन मिनिटं न थांबता बोलल्या, हातवारे केले, खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"काय म्हणतात?"

"छान आहे म्हणते," नबील म्हणाला.

पहिला मुक्काम पवना धरण. कामशेतहून निघालात तर सकाळी लवकर निघा, पेट्रोल आधीच भरा. वाटेत वडापाव बरा मिळतो, पण चहा पिताना फार अपेक्षा ठेवू नका. काठावर तंबूवाल्यांच्या पाट्या ओळीने लागल्यात. धुक्यातून तुंग किल्ला मध्येच डोकं काढत होता, पाणी काठोकाठ होतं. मी बाईंना सांगितलं की याच्या पोटात गावं गेलीत आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेलं देऊळ वर येतं. माझ्या मते हे ऐकून माणसाने गहिवरायला हवं.

बाईंनी चष्मा सारखा केला. "आमच्याकडे पण आहे," त्या म्हणाल्या. "होतं. मारिबला. येशू ख्रिस्ताच्या जन्माआधी कित्येक शतकं बांधलेलं. हजार वर्षांहून जास्त टिकलं. वाळवंटात दोन्ही बाजूंना बागाच बागा होत्या. शेबाची राणी ऐकलीस ना? तिचा मुलूख."

"मग काय झालं?"

"फुटलं. कायमचं. माणसं घरदार उचलून सगळ्या अरबस्तानात पांगली."

"फुटलं कशानं?"

"उंदरानं पोखरलं, असं म्हणतात."

मी म्हटलं, आमच्याकडे धरण फुटलं की मंत्री खेकड्यांचं नाव घेतात. हे नबीलने भाषांतर करून सांगितलं आणि बाई पहिल्यांदा खळखळून हसल्या. "म्हणजे सरकार सगळीकडे सारखंच," त्या म्हणाल्या. पार्किंगवाला पावती घेऊन आला होता. तो मला हळूच विचारतो, "मॅडम, बाई काश्मीरच्या का?" मी म्हटलं, शेबाच्या. त्याने मान डोलावली आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.

दुधिवरे खिंडीतून वर चढून, लोहगडाला वळसा घालून मळवलीकडे उतरलो. हा रस्ता पावसाळ्यात देखणा आहे आणि तितकाच डांबिस. समोरून बस आली की देव आठवतो. लोहगड-विसापूर दाखवायचे म्हणून मी गाडी थांबवली आणि महाराजांपासून सुरुवात केली. मी म्हणजे गडावर बोलायला लागले की मला आवरावं लागतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला. "वर आता कोण राहतं?"

"कोणी नाही. पर्यटक जातात."

"आमच्याकडे राहतात. अख्खी गावं अशा सुळक्यांवर आहेत. खाली राहिलं की राजा करवसुलीला लवकर पोचतो."

मी गाडी सुरू केली.

कार्ल्याला मात्र मी पैजेच्या तयारीने गेले. गाडी बरीच वर जाते, पुढे पायऱ्या. पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना हार, पेढे, लिंबू-सरबत आणि प्लास्टिकच्या तलवारी. आधी एकवीरेच्या दारात हात जोडले, मग लेण्याचं तिकीट काढलं. आत शिरलं की ते उंच छत, त्याच्या लाकडी कमानी, खांबांच्या रांगा. दोन हजार वर्षं! लाकूड अजून जागेवर! मी बाईंकडे असं बघितलं, की जणू ते लेणं आमच्या काकांनी खोदलंय.

बाई मान वर करून एकेक खांब न्याहाळत गेल्या. मला वाटलं, जिंकले. मग म्हणाल्या, "मारिबला चंद्रदेवाच्या देवळाचे खांब आहेत. पाच उभे आणि एक मोडका."

"इथे कितीतरी जास्त आहेत!" मी अक्षरशः ओरडले. आत सेल्फी काढणारी पोरं वळून बघायला लागली.

"हो, पण आमचे उन्हात उभे आहेत. तुमचे सावलीत."

मग मी हुकमाचा पत्ता काढला. सांगितलं, या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत आणि त्यात यवन आहेत, म्हणजे बाहेरून आलेले. आमचा घाट असा, की समुद्रावरचा माल याच वाटेने वर चढायचा. बाईंचे डोळे, ते नवे कोरे डोळे, एकदम लकाकले. "समुद्रावरून आले असतील तर आमच्या किनाऱ्यावर गोडं पाणी भरूनच आले असणार," त्या म्हणाल्या. "लोबान आमचा, वाट आमची, जकात आमची. रोमच्या लोकांनी आमच्या देशाचं नाव 'सुखी अरबस्तान' ठेवलं होतं. मग सुख कुठून येतं ते बघायला फौज पाठवली. फौज तहानेने मेटाकुटीला येऊन परत गेली."

"सुखी," नबील पुटपुटला. आम्ही पायऱ्या उतरलो.

जेवण जुन्या हायवेवर. शाकाहारी थाळी भरपेट, खिशाला परवडणारी. मसालेभातापासून लांब राहा. जेवताना बाईंनी बोटांवर मोजत उरलेला इतिहास उरकला. डाळीची वाटी म्हणजे हबशी, लोणचं म्हणजे इराणी, मग इस्लाम, मग उत्तरेच्या डोंगरात हजार वर्षं इमामांचं राज्य. "तुर्क दोनदा आले," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा पुरेसं कळलं नसावं." मध्ये इब्बजवळच्या जिबल्यात एका राणीने राज्य केलं, तेही चांगलं केलं, हे त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं. आणि सगळ्या जगाला कॉफी यांच्या मोखा बंदरातून गेली. "तुम्ही घरी कोणती कॉफी पिता?" मी विचारलं. बाई हसल्या. "बिया विकायच्या. आम्ही साली उकळून पितो." आम्हीही इंद्रायणी तांदूळ विकतो आणि घरी कणी खातो. त्या क्षणी मला बाई जवळच्या वाटल्या, पैज गेली खड्ड्यात.

लोणावळ्यात चिक्की घेणं हा कायदा आहे. दुकानदाराने तिळाची चिक्की पुढे केली. बाईंनी तुकडा तोंडात टाकला. मी आणि नबील एका सुरात म्हणालो, "तुमच्याकडे पण आहे." त्यांनी मान डोलावली. वासही तोच म्हणे. दुकानदाराला राग आला. "मॅडम, आमच्याकडे तीन पिढ्यांची चिक्की आहे!" नबीलने भाषांतर करायचं टाळलं, आणि शहाणपणाच केला.

स्टेशनच्या पुलावरून मी घाटातली गाडी दाखवली. म्हटलं, येमेनमध्ये रेल्वे नाही, मी बघून ठेवलंय. "एडनला होती," बाई म्हणाल्या. "इंग्रजांनी टाकली आणि इंग्रजांनीच उखडली. त्या वेळी एडनचा कारभार तुमच्या मुंबईतून चालायचा. सरळ जा म्हणायला आमची एडनची माणसं अजून 'सीदा' म्हणतात." म्हणजे बाई आणि आम्ही एकेकाळी एकाच इलाख्यातले! मी म्हटलं, मग तुमच्या रस्त्यांची तक्रार मुंबईकडे करा, आम्हीही तेच करतो.

रात्रीचा मुक्काम कुरवंड्याला हिरामावशीकडे, माझ्या आईच्या धाकट्या बहिणीकडे. नागफणी सुळक्याच्या अलीकडे उतारावर तिची भातखाचरं आहेत, पायऱ्यांसारखी. श्रावण असल्याने कोंबडीचा आणि ती कशी कापायची याचा प्रश्न आपसूक सुटला. पिठलं, भाकरी, अळूची भाजी. बाईंनी मेथ्या मागून घेतल्या, भिजवून फेसल्या आणि पिठल्यावर तो फेस घातला. मावशी म्हणाली, "आगं बया, हे तं औषध हाय!" आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बाईंना नमाज पढायचा होता तेव्हा मावशीने पडवीतून कोंबड्या हाकलल्या, जागा झाडली आणि टीव्हीचा आवाज बंद केला. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

जेवण झाल्यावर मावशीनेच विचारलं, "तुमच्यात भांडान कशापायी चाललंय म्हनायचं?" नबील कावराबावरा झाला. बाई मात्र वर्गात शिकवल्यासारखं बोलल्या. इमाम गेले, प्रजासत्ताक आलं. दक्षिणेतून इंग्रज गेले. एक देश उत्तरेत, एक दक्षिणेत. मग दोन्ही एक झाले, तेव्हा बाई नव्या नव्या शिक्षिका होत्या. "नवे नकाशे येईनात. मी मुलींना मधली रेघ खोडरबराने खोडायला लावली. वर्गभर नुसता रबराचा भुगा झाला. घरी जाताना एक मुलगी म्हणाली, बाई, रेघ गेली पण खूण राहिली." बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "आता प्रत्येकजण पेन्सिल घेऊन बसलाय."

मावशीने उसासा टाकला. "बांधाचं भांडान. दुसरं काय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बाई जागेवर नाहीत. पाऊस रात्रभर कोसळला होता. बाहेरून मावशीचा आवाज आला, "आगं धाव! बांध फुटला, आन् तुजी बाई चिखलात हाय!"

मावशीच्या खाचराचा खालचा बांध हातभर फुटला होता आणि पाणी धबाधबा खालच्या शेतात, शंकरभाऊंच्या भातावर पडत होतं. बाई फेरफटका मारायला गेल्या होत्या, त्यांनी ते बघितलं आणि सरळ आत उतरल्या. झगा कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत गारा, डोक्यावरचा रुमाल मात्र जिथल्या तिथे. साठी उलटलेली, काही आठवड्यांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालेली बाई! नबील "उम्मी! डोळे!" असं ओरडत धावला. बाईंनी त्याच्या हातात एक ढेकूळ दिलं आणि कुठे ठेवायचं ते हनुवटीने दाखवलं. पोरगं मुकाट्याने ठेवायला लागलं.

काय सफाईने लावत होत्या म्हणून सांगू! मोठा दगड आत कलता, लहान दगड फटीत, मध्ये पेंढा आणि चिखल. एकच जागा उरली होती, चांगल्या भक्कम दगडाची. बाईंनी इकडे तिकडे बघितलं. कोपऱ्यात एक तसाच उभा दगड होता, चुना फासलेला. त्यांनी तो हलवला, उपटला, आणि बसवला. फटकन बसला. पाणी थांबलं.

मावशी मटकन खाली बसली. "मेलो. हद्दीचा दगड काढला."

तो दगड म्हणजे मावशी आणि शंकरभाऊ यांच्यातली सीमा. त्या दगडापायी दोन घरांत वर्षानुवर्षं बोलणं नाही. तो वीतभर कोणी सरकवला यावर मोजणी झाली, पंचांपुढे बैठक झाली, शेवटी दगडाला चुना फासून झाला. एकमेकांच्या लग्नाला गेले नाहीत हे लोक. आणि शंकरभाऊ इरलं घेऊन बांधावरून येतच होते.

"कुनी काढला? कुनी काढला तो दगड?"

"ह्या बाईनं," मावशी म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

"ही कोन?"

"येमेनची हाय."

"येमेनची हाय म्हून काय माझा दगड काढायचा?"

बाईंना सूर कळला. त्यांनीही अरबीत आवाज चढवला. शंकरभाऊ मराठीत, बाई अरबीत, नबील मध्ये हात पसरून उभा, दोन्हीकडे काहीच न सांगता. शेवटी मीच इंग्रजीत सांगितलं की बाई, तुम्ही सीमा उपटलीत. ती यांच्या आणि त्यांच्या शेतातली आहे आणि तिच्यावरून हे एकमेकांशी बोलत नाहीत.

बाई क्षणभर दगडाकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. त्या खाली बसल्या, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नबील "डोळे, डोळे" करतोय. आणि हसता हसता त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पण आहे!"

हे मी शंकरभाऊंना सांगितलं. ते काही हसले नाहीत. पण खाली उतरून त्यांनी आपलं भात बघितलं. अर्ध्या खाचरात चिखल आला होता, अर्धं वाचलं होतं. ते वर आले, पायाने दगड दाबून बघितला. हलेना.

"काढू का?" मावशीने विचारलं.

"आता काढला तर पानी पुन्ना माज्यावरच यील," ते कुरकुरले. "ऱ्हाऊं द्या. दिवाळी झाली का बगू." आणि मावशीकडे न बघता म्हणाले, "च्या हाय का?"

चहा पिताना नबीलने विषय काढलाच. मी म्हणते, चुकीची वेळ, पण पोराला धीर नव्हता. म्हणाला, बघ आई, इथे डोंगर आहे, शेत आहे, तुझ्यासारखी माणसं आहेत. थांब ना.

बाईंनी कप खाली ठेवला. या वेळी त्या इंग्रजीतच बोलल्या, म्हणजे मलाही कळावं म्हणून असेल. "आमच्या डोंगरावर माझं शेत सगळ्यात वर आहे," त्या म्हणाल्या. "वरची भिंत पडली की पाणी खालच्यावर जातं, मग त्याच्या खालच्यावर. तुझे बाबा असताना ते लावायचे. आता मी लावते. खाली सहा घरं आहेत, नबील. युद्धात त्यांच्यावर बरंच काही पडलंय. माझी भिंत त्यांच्यावर पडायला नको."

नबीलच्या नखांत अजून चिखल होता. मी मावशीला सगळं मराठीत सांगितलं. तिने बाईंच्या पाठीवरून हात फिरवला.

परत येताना गाडीत कोणी इतिहास सांगितला नाही. कामशेत आलं, मी दुकानात शिरले, नवऱ्याने दोन दिवसांत विकलेला तांदूळ आणि घातलेला गोंधळ बघितला. तुम्ही ही सहल करणार असाल तर दोन दिवस पुरतात, रेनकोट घ्या, छत्री घाटात उलटते. आणि पाहुण्याला आपलं भारी दाखवायला जाऊ नका. मी इतकी वर्षं इथे राहून लोहगड बघते, पण वर कोण राहतं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आता तिथून जाताना दर वेळी पडतो आणि चिडचिड होते. बाईंवर राग आहे माझा. प्रेमही आहे, ते नंतर कळलं.

गुरुवारी सकाळी हिरामावशी खास बस पकडून आली, हातात इंद्रायणीची पिशवी आणि चिमूटभर मेथ्या. मुंबईला जायची गाडी दारात उभी होती. सामान चढलं. बाईंनी मावशीला मिठी मारली, मग मला. मी म्हटलं, "बाई, हरले मी. दोन दिवसांत तुमच्याकडे नाही असं काहीच दाखवता आलं नाही."

बाई थांबल्या. नबील सामानाची दोरी आवळत होता, त्याची पाठ आमच्याकडे होती. त्याच्याकडे बघत त्या इंग्रजीत, हळू आणि स्वच्छ म्हणाल्या, "एक गोष्ट आहे तुमच्याकडे, जी आमच्याकडे नाही. तुमच्या वरच्या खोलीत राहते. नीट जेवते ना, बघा."

मावशीला इंग्रजीचा गंध नाही. ती नबीलकडे वळली. "काय म्हनती रं तुजी आई?"

नबीलने दोरीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"छान आहे म्हणते," तो म्हणाला.